दुपारच्या झोपेतला राजपार्ट

कुडाळात दुपारी एक ते चार माणूस औषधालासुद्धा मिळत नाही. मुंबई-गोवा हायवे एकदाचा पुरा झाला त्यालाही दहा वर्षं लोटली, डॉक्टर लोक माणसाची स्वप्नं वाचायला लागले, पण ही दुपारची झोप काही कुणाच्या बापाला हलवता आली नाही. माशाची कढी, उकड्या तांदळाचा भात, आणि मग पंख्याखाली आडवं व्हायचं. रस्त्यावर ऊन तेवढं जागं असायचं.

प्रणिता आरोसकरचं दुकान मात्र त्या वेळी उघडं असायचं. बसस्टँडमागच्या गल्लीत ती कॉम्प्युटर जुळवून द्यायची, बिघडलेले दुरुस्त करायची. गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, वर्कस्टेशनचा प्रोसेसर घेऊ की साधा घरचा?" आणि तिचं उत्तरही ठरलेलं: "आधी सांगा, तुम्हाला सगळं हवंय की लगेच हवंय?" लोकांना वाटायचं, बाई कोड्यात बोलते. ती अगदी सरळ बोलत होती, पण ते तिचं तिलाच पुरतं कळायला त्या वर्षीचा वैशाख यावा लागला.

दुकानाच्या मागच्या खोलीत तिचे बाबा झोपलेले असायचे. शांताराम आरोसकर. चाळीस वर्षं दशावतारात राजपार्ट केलेला माणूस. ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांना एवढं सांगायला हवं, की तिथे नाटक लिहिलेलं नसतं. देवळापुढे मांडव, मांडवात एक लाकडी बाकडं, बाजूला पायपेटी आणि मृदंग. आज कोणतं आख्यान ते रंग लावताना ठरतं, आणि पुढचं सगळं बोलणं उभ्या उभ्या सुचेल तसं. राण्याही पुरुषच होतात. घरी "गो, पेज वाढ" म्हणणारे शांताराम मुकुट चढवला की "आम्ही" आणि "राणीसाहेब" असं बोलायला लागायचे, आणि समोरच्या नटाची तारांबळ उडायची. त्या माणसाच्या मेंदूत सात महिन्यांपूर्वी रक्ताची गुठळी झाली. तेव्हापासून डोळे मिटलेले, नाकात नळी, आणि बोलणं बंद.

बोलणं बंद, पण स्वप्नं चालू होती. त्या काळात डोक्यावर घालायची एक टोपी निघाली होती. झोपेत मेंदूचा कुठला भाग पेटतो, कुठला विझतो, हे ती चाळीस हजार ठिकाणांहून टिपायची. ते सगळे आकडे मोठ्या यंत्रात घातले की माणूस स्वप्नात काय पाहत होता, काय बोलत होता, ते पडद्यावर यायचं. पहिली दोन-तीन वर्षं लोकांना याची मोठी गंमत वाटली. मग कायदा आला. त्याला म्हणायचे स्वप्नसाक्ष. जो माणूस जागेपणी बोलू शकत नाही, त्यानं तीन वेगवेगळ्या स्वप्नांत एकच इच्छा सांगितली, तर ती त्याची इच्छा धरायची. उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे, हेसुद्धा त्यावरून ठरवायचं.

सोमवारी सकाळी बाबांचा तिसरा अहवाल आला. मेंदू केंद्रातल्या डॉक्टर मनाली हिर्लेकर फोनवर हलक्या आवाजात बोलल्या. "प्रणिताताई, तिन्ही वेळा तेच वाक्य आहे. 'आता आम्हांस जाऊ द्यावे.' दुसरं काही नाही. शुक्रवारी तुमची आणि तुमच्या भावाची सही झाली की नळी काढता येईल. घाई नाही. पण त्यांनी सांगितलंय, एवढं खरं."

भाऊ ओंकार पुण्याहून निघतोच म्हणाला. फोनवर तो रडत होता. "ताई, सात महिने आपण त्यांना धरून ठेवलं. ते हात जोडून सांगतायत, सोडा. अजून किती छळायचं?"

ती "ये" एवढंच म्हणाली. तिला वाटलं, खरंच आहे. आपण स्वार्थी आहोत. बाबांचा श्वास ऐकल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही म्हणून त्यांना अडकवून ठेवलंय. तिनं मनातल्या मनात सही करूनसुद्धा टाकली, आणि मग मागच्या खोलीत जाऊन बाबांच्या पायांना तेल चोळत बसली.

त्याच दुपारी बाळाकाका पेंडुरकर भेटायला आले. वय एकोणऐंशी, कानांनी जवळजवळ बहिरे, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. हा माणूस तीस वर्षं बाबांच्या समोर राणी झाला होता. एकदा रंग चढला की गावातल्या बायका त्यांची नऊवारी नेसायची ढब बघायला यायच्या. प्रणितानं त्यांना टॅबलेटवर अहवालातलं चित्र दाखवलं, वाक्य मोठ्या अक्षरांत करून दाखवलं, आणि शुक्रवारचं कानाशी ओरडून सांगितलं.

चित्र खरोखर सुरेख होतं. केंद्रातल्या वर्कस्टेशननं, म्हणजे त्या मोठ्या यंत्रानं, प्रत्येक धागा न् धागा काढला होता. मांडवाला बांधलेले आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे, पिवळसर उजेड, त्यात हळूहळू तरंगणारी धूळ. समोर गप्प बसलेली माणसं. पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर थबकलेली. आणि बाकड्याशेजारी उभे बाबा, कमरेला तलवार, डोक्यावर बेगडी मुकुट, नजर कुणाच्या तरी वाटेकडे लागलेली. पाहताना आपणच झोपेत आहोत असं वाटायचं.

बाळाकाकांनी चष्मा कपाळावर नेला, टॅबलेट नाकाला लावला, आणि एकदम ओरडले, "अगे चेडवा, तुमका येड लागला काय? ह्यो मरूक खंय मागता? ह्यो पार्ट करता!"

"म्हणजे?" तिनं कानाशी विचारलं.

"राजा लढायेक निघालो. राणीक सांगता, जाऊ द्यावे. मगे राणीन तेका अडवूचा, वाद घालूचो, रडूचा, हसवूचा. राणीन सोडल्याशिवाय राजा हलाचो नाय. नियमच तो. शांतो थंय उभो असा, नि राणी येवक नाय. सात म्हयने उभो असा बिचारो!"

प्रणितानं टॅबलेट ओढून ते वाक्य पुन्हा वाचलं. इतकी साधी गोष्ट, आणि दशावतारीच्या पोरीला कळू नये! बाबा घरी कधी "आम्हांस जाऊ द्यावे" म्हणाले होते? बाहेर पडताना "येतंय गो" म्हणायचे. मरायची इच्छा असती तर तीसुद्धा मालवणीतच सांगितली असती, दोन शिव्या घालून. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नव्हता, त्यांनी वाक्य वाचलं होतं. पण आपण? आपणही पुस्तकी भाषा दिसली म्हणून ते गंभीर, खरं, शेवटचं मानलं.

तिनं डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असेलही. पण ताई, हा तुमचा तर्क झाला. राणी आली तर ते काय करतात, हे स्वप्नात दिसलं पाहिजे. ते मी कसं दाखवू? आमचं यंत्र वीस मिनिटांचं स्वप्न सोडवायला चाळीस तास घेतं. ते काय म्हणाले हे आम्हाला कळेपर्यंत स्वप्न संपून दोन दिवस झालेले असतात."

आणि तिथेच प्रणिताच्या डोक्यात तिचं ते रोजचं वाक्य वाजलं. सगळं हवंय की लगेच हवंय?

केंद्रातल्या वर्कस्टेशनच्या प्रोसेसरला एकशे ब्याण्णव कोअर होते, म्हणजे तेवढे हात एकदम कामाला. यंत्राच्या स्मृतीकडे, म्हणजे मेमरीकडे, जायला बारा वाटा. चाळीस हजार ठिकाणांचे आकडे तो एकाच वेळी आत घ्यायचा आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध लावायचा. शिवाय आकड्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर तो एक जादा खूण ठेवायचा. आकाशातून येणारा एखादा किरण स्मृतीतल्या शून्याचा एक करून गेला, तरी त्या खुणेवरून चूक पकडली जायची आणि जागच्या जागी दुरुस्त व्हायची. गावजेवणाला दोनशे आचारी लावावेत तसा प्रकार. काही करपणार नाही, काही राहणार नाही, पण पंगत बसायला वेळ लागणार.

तिच्या दुकानातल्या घरगुती डेस्कटॉपच्या प्रोसेसरला कोअर चोवीस, वाटा दोनच, आणि खुणा वगैरे काही नाही. चूक झाली तर झाली. पण त्याचा एकेक कोअर त्या मोठ्याच्या कोअरपेक्षा जवळजवळ दुप्पट चपळ. सगळं स्वप्न त्याला झेपणारच नव्हतं. मांडव सोडला, माणसं सोडली, उजेड सोडला, आणि मेंदूचा फक्त बोलण्याचा भाग त्याच्यापुढे ठेवला, तर अर्ध्या सेकंदात तो शब्द सांगू शकत होता. मधले जे आकडे राहून जातील ते अंदाजानं भरून काढणार, ही त्यातली मेख.

अर्धा सेकंद एवढ्यासाठी महत्त्वाचा, की झोपलेल्या माणसाच्या कानाशी योग्य क्षणी बोललं तर तो आवाज स्वप्नात शिरतो. दारावर थाप पडली की आपल्या स्वप्नात ढोल वाजतो, तसंच. क्षण चुकला की आवाज बाहेरच राहतो.

मंगळवारचा दिवस आणि बुधवारची सकाळ तिनं जुळवाजुळवीत घालवली. दुकानातला सगळ्यात चपळ डेस्कटॉप बाबांच्या उशाशी आणला, टोपीची तार त्यात घातली. तेच आकडे जसेच्या तसे केंद्रातही जात होते, म्हणजे मोठं यंत्र त्याच्या वेळेनं सगळं सोडवेलच. ओंकार तोवर आला होता. दाराशी उभा राहून तो म्हणाला, "ताई, तू त्यांना थांबवायला निमित्त शोधतेयस."

"असेन शोधत," ती म्हणाली. "तू गप बस आणि बघ."

दीड वाजता बाबांचा श्वास संथ झाला. गल्लीत सगळं निपचित पडलं होतं. पंख्याची घरघर, भिंतीवर हलणारी माडाची सावली, आणि पडद्यावर एक ओळ उमटली: आता आम्हांस जाऊ द्यावे.

आधी बाळाकाका बसले. पण बिचाऱ्यांना ऐकू येईना, म्हणून पडदा वाचावा लागे. चष्मा सावरून ओळ वाचेपर्यंत क्षण निघून जायचा. तीनदा त्यांनी "महाराज" म्हणून सुरुवात केली, तिन्ही वेळा पडद्यावर काही हललं नाही. शेवटी त्यांनी हात टेकले. "माका जमाचा नाय गो. तू बस."

"मी? बायका थोड्याच दशावतारात काम करतात!" ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

"ह्या तेच्या स्वप्नात कोण बघूक येता?"

तिनं भीतभीत एक कागद काढला. लागलं तर असावं म्हणून रात्रभर विचार करून राणीचं भाषण लिहिलं होतं. ओळ उमटली तशी ती बाबांच्या कानाशी वाचू लागली. "हे प्राणनाथ, आपल्यावाचून ही नगरी शून्य आहे..." पडदा ढिम्म. पुन्हा तेच वाक्य. आता आम्हांस जाऊ द्यावे.

बाळाकाकांना ऐकू येत नसलं तरी कागद दिसत होता. त्यांनी तो हिसकावून घेतला. "वाचून दाखवतंस? शांत्याच्या म्होरं? तो जिवंत असतो तर मुकुट फेकून मारल्यान असतो!"

"जिवंत आहेत काका!" ओंकार ओरडला, आणि मग स्वतःच दचकला.

प्रणिताला एकदम राग आला. कागदाचा, यंत्राचा, त्या शुक्रवारचा, आणि सगळ्यात जास्त बाबांचा. सात महिने! ओळ पुन्हा उमटली, आणि काय बोलणार हे माहीत नसताना तिच्या तोंडून निघून गेलं, "जावं ना महाराज, कोण अडवतंय? पण सात महिने एका जागी उभे आहात, पायांना मुंग्या आल्या असतील. असे लंगडत गेलात तर शत्रू हसून हसून मरेल. मग तलवार कशाला नेता? इथंच ठेवा, आम्ही विळी म्हणून वापरू!"

पडद्यावरची ओळ पुसली गेली. त्या दुपारी पहिल्यांदा तिथे काही नव्हतं. मग बाबांच्या पापण्यांखाली काहीतरी भराभर फिरलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: बसा. आज आपण बरं बोललात.

ती ओक्साबोक्शी रडली. रडता रडता बोलतच राहिली. राजवाड्यातल्या गळक्या छपराबद्दल, प्रधानजींच्या घोरण्याबद्दल, सुचेल ते. वीस-बावीस मिनिटं. मग श्वास बदलला आणि स्वप्न संपलं.

ओंकारचेही डोळे भरले होते, पण तो हिशेबी माणूस. संध्याकाळी म्हणाला, "ताई, तूच म्हणालीस ना, हे यंत्र राहिलेलं अंदाजानं भरतं? तू बोलत होतीस, ते ऐकत होतं. तुला जे हवं होतं तेच त्यानं भरलं नसेल कशावरून?"

गुरुवारी दुपारी ती बाबांजवळ नुसती बसून राहिली. पुन्हा डेस्कटॉप लावायचा तिला धीर झाला नाही.

शुक्रवारी बाराच्या सुमाराला डॉक्टर हिर्लेकर स्वतः आल्या. एका हातात टॅबलेट, दुसऱ्या हातात सह्यांचा कागद. त्या बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग म्हणाल्या, "बुधवारचं सगळं सुटलंय. मी दोनदा तपासलं. ताई, 'बसा, आज आपण बरं बोललात' हे त्यांनी म्हटलेलं नाही. ते तुमच्या डेस्कटॉपनं भरलं. 'जाऊ द्यावे' नंतर बावीस मिनिटं त्यांच्या मेंदूत एकही शब्द नाही."

प्रणितानं उशाजवळच्या डेस्कटॉपकडे पाहिलं. आपल्याच हातांनी जुळवलेल्या यंत्रानं आपल्याला फसवलं. ओंकारनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"चित्र दाखवा," बाळाकाका म्हणाले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते.

डॉक्टरांनी चित्र लावलं. तोच मांडव, तेच टाळे, तोच मधासारखा उजेड. पण समोरची माणसं आता गप्प नव्हती. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदरानं डोळे पुसत हसत होती, एक पोर बापाच्या खांद्यावर आडवं पडून हसत होतं, मागचे लोक उभे राहिले होते. डेस्कटॉपला यातलं काहीच झेपलं नव्हतं. आणि मधोमध बाबा. तोंडून शब्द निघत नव्हता, कारण ते हसत होते. मुकुट एका कानावर कलला होता, पोट धरलं होतं, आणि डावा हात पाठीमागे नेऊन, प्रेक्षकांना दिसणार नाही असा, पंजा जमिनीकडे करून दाबल्यासारखा हलवत होते.

"या हाताच्या हालचालीला यंत्रानं अनैच्छिक म्हटलंय," डॉक्टर म्हणाल्या. ते वाक्य त्यांनी बाळाकाकांसाठी लिहून दाखवलं.

ते वाचून म्हातारा ताडकन उभा राहिला. "अनैच्छिक? तुमच्या यंत्राक काय डोंबल कळता! 'जाऊ द्यावे' म्हटला, की पेटीवालो राजाच्या जाण्याचा गाणा सुरू करता. पण प्रवेश रंगात इलो, नि राजाक जावचा नसात, तर तो पेटीवाल्याक असो हात करता. वाजव नको म्हणान. अजून रंगता हा म्हणान." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्याबरोबर तीस वर्षांत चार वेळा केल्यान असात. चारच."

डॉक्टरांनी ते चित्र मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. पेटीवाला त्या हाताकडे बघत होता, आणि त्यानं पट्ट्यांवरून बोटं उचलली होती.

"म्हणजे त्यांना जायचं नाहीये?" ओंकारनं काकांच्या कानाशी जोरात विचारलं.

"जावचा असा रे. राजा जातलोच. पण आता नाय."

ओंकार खाली बसला. त्यानं बाबांचा डावा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून कितीतरी वेळ पाहिला. प्रणिताला वाटलं, लहानपणापासून हा मुलगा इतका निवांत बाबांजवळ कधी बसलाच नव्हता.

डॉक्टरांनी सह्यांचा कागद पुढे ओढला, पेन काढलं, आणि थांबल्या. "ताई, हा कागद मला वर पाठवावा लागेल. रुग्णाची इच्छा, या रकान्यात काय लिहू?"

प्रणितानं डोळे पुसले. "लिहा, प्रवेश चालू आहे."

डॉक्टरांनी तेच लिहिलं. नळी काढायची ओळ खोडून खाली सही केली. मग त्या उठल्या नाहीत, पर्स बाजूला ठेवून तिथेच बसल्या. बाहेर गल्लीतली शेवटची शटरं खाली ओढली जात होती. बाबांचा श्वास हळूहळू लांबत चालला होता. प्रणितानं टोपीची तार डेस्कटॉपला जोडली आणि खुर्ची उशाजवळ सरकवली.

बाळाकाका तिच्याकडे वाकले. "काय गो, आज काय बोलतलंस?"

"माहीत नाय," ती म्हणाली, आणि पडद्याकडे बघत तिनं पदर नीट केला.